दख्खनचे धावणारे: टपालवाटेपासून शंभर मीटरपर्यंत

बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातल्या जिल्ह्यांत धावणे हा फार जुना पेशा आहे. खेळ म्हणून त्याचा इतिहास त्यामानाने अलीकडचा, शंभर-सव्वाशे वर्षांचा. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी राज्य चालवायचे तर पत्र वेळेवर पोहोचावे लागे, आणि ते पोहोचवण्यासाठी सरकार माणसांचे पाय विकत घेई. बिदरचे जांभ्या दगडाचे पठार आणि कलबुर्गीची काळी रानं यांच्यामध्ये अंतर साधारण ११० किलोमीटर. पावसाळ्यात काळ्या चिकणीत गाडीची चाके रुतत आणि घोड्याचे खूर फसत. उत्तरेला मांजरा आणि दक्षिणेला भीमा, दोन्ही नद्या पुरात वाट अडवत. अशा मुलखात पायी जाणारा माणूसच भरवशाचा. भीमा-मांजरेच्या या पट्ट्यातली, आणि सगळ्याच मराठी मुलखातली, धावण्याची गोष्ट या पगारी धावणाऱ्यांपासून सुरू होते. ऑलिंपिकच्या वेगवान शर्यतींपर्यंत ती उशिरा आणि अडखळत पोहोचली.

या पेशाचे सर्वांत बारकाईचे जुने वर्णन इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने केले आहे. चौदाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तो महंमद तुघलकाच्या दरबारी होता. त्या काळी दौलताबाद सुलतानाची दुसरी राजधानी झालेली होती, आणि बिदर वारंगळच्या मोहिमेत, १३२३ च्या सुमारास, दिल्लीच्या ताब्यात आलेले होते. बतूता सांगतो, की टपाल दोन प्रकारचे असे, घोड्यांचे आणि पायी माणसांचे. पायी टपालासाठी दर मैलात तीन चौक्या असत आणि प्रत्येक चौकीवर कंबर कसून तयार बसलेली माणसे असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज कानी पडला की पुढच्या चौकीवरचा माणूस उठून उभा राही, आणि हातातले पत्र घेऊन तोही जीव खाऊन धावू लागे. पायी टपाल घोड्याच्या टपालापेक्षा जलद जाई, असे बतूता स्पष्ट म्हणतो. सिंधहून दिल्लीपर्यंत एरवी पन्नास दिवसांची वाट होती. बातमी मात्र पाच दिवसांत पोहोचे. दौलताबादेत असताना सुलतानासाठी गंगेचे पाणीदेखील याच मार्गाने येई आणि तो मार्ग चाळीस दिवसांचा होता.

या व्यवस्थेचे मर्म चौक्यांच्या अंतरात होते. मैलाचा तिसरा हिस्सा म्हणजे साधारण पाचशे मीटर. तेवढे अंतर माणूस जवळपास पूर्ण वेगाने कापू शकतो. त्यापुढे दम तुटतो आणि वेग पडतो. ज्याने कोणी हे अंतर ठरवले त्याला माणसाच्या छातीचे आणि पायाचे गणित नेमके कळलेले होते. दमलेल्या माणसाला ओढत न नेता ताज्या माणसाच्या हाती पत्र द्यायचे, ही युक्ती आजच्या रिले शर्यतीचीच आहे. फरक एवढाच, की बॅटनच्या जागी तिथे राज्याचा हुकूम होता.

१३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, राजधानी झाली. पुढे अहमदशहा वलीच्या कारकिर्दीत, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजधानी बिदरला गेली. राजधानी हलली की तिच्याकडे येणाऱ्या वाटाही हलतात. दोन्ही शहरे त्यामुळे दख्खनच्या निरोपवाटांच्या मध्यावर राहिली. मोगलांकडे मेवडे नावाचे पायी निरोपे होते. ते मेवातचे रहिवासी, आणि अकबराच्या दरबारी इतिहासकाराने त्यांच्या धावण्याची आणि चतुराईची मुद्दाम नोंद केली आहे. औरंगजेबाने १६५७ मध्ये बिदर आणि कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, घेतले. त्याच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत तर सारी बादशाहीच दख्खनमध्ये मुक्काम करून होती. एवढा मोठा तळ दिल्लीशी जोडलेला ठेवायचा म्हणजे डाकचौक्यांवाचून गत्यंतर नव्हते.

मराठी कागदपत्रांत हाच माणूस जासूद, काशीद किंवा हरकारा म्हणून भेटतो. महत्त्वाचे पत्र सहसा एकट्याकडे देत नसत, जासुदांची जोडी रवाना होई. वाटेत एक आजारी पडला, पकडला गेला किंवा नदीत अडकला तर दुसरा पुढे जाई. १७६० ची उदगीरची लढाई याच सीमाभागात झाली, १७९५ ची खर्ड्याची तिच्या वायव्येला. अशा प्रत्येक मोहिमेत सरदाराला शत्रूच्या हालचालीची खबर जासुदाच्या पायानेच मिळे. तरीही इतिहासात सरदारांची नावे आहेत, जासुदांची जवळजवळ नाहीत. पत्राच्या शेवटी जासूद अमुक दिवशी पोहोचला एवढी नोंद मिळते, आणि बहुतेक वेळा त्या माणसाचे सारे चरित्र तेवढेच असते. दख्खनच्या इतिहासलेखनातली ही मोठी उणीव आहे.

निजामाच्या राजवटीत बिदर आणि गुलबर्गा हैदराबाद संस्थानचे जिल्हे होते. संस्थानाचे टपाल खाते स्वतंत्र होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटेही निघत. पण त्याच सुमारास धावणाऱ्यांचा पेशा मोडीत निघायला सुरुवात झाली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, गुलबर्गा, वाडी असा करत १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला आणि मद्रासकडच्या मार्गाला मिळाला. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादला फाटा गेला. बिदरला रेल्वे यायला १९३० चे दशक उजाडावे लागले, आणि तीही विकाराबादच्या बाजूने. त्यामुळे आडवाटेच्या गावांत हरकारा बराच काळ टिकला. संस्थान भारतात सामील झाल्यावर १९५० मध्ये हैदराबादचे टपाल खाते भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. बिदर आणि कलबुर्गी यांच्यामध्ये थेट रेल्वे मात्र २०१७ साली धावली.

पेशा संपत आला म्हणून धावणे लगेच खेळ झाले नाही. या भागातल्या जत्रांतले खेळ म्हणजे कुस्त्यांचा फड, वजन उचलणे आणि बैलांच्या शर्यती. माणसांनी मोजलेल्या अंतरावर, वेळ लावून, एकमेकांशी धावायचे ही कल्पना जत्रेत नव्हती. ती छावण्या, मिशनच्या शाळा आणि शहरांतल्या जिमखान्यांतून आली.

मराठी मुलखात तिला पहिला मोठा आधार पुण्यात मिळाला. डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. १९१९ मध्ये जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून दोराबजी टाटा आले होते. त्यांनी पाहिले, की शर्यतीत उतरलेली बरीच मुले शेतकरी घरांतली आहेत, अनवाणी धावताहेत, शास्त्रशुद्ध तालीम त्यांना ठाऊक नाही, आणि तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या आसपास जाते. टाटांनी पुढाकार घेतला, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पाठिंबा दिला, सरकार आणि देणगीदारांकडून पैसे जमले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ रवाना झाला तो असा. त्याआधी १९०० मध्ये पॅरिसला कोलकात्याचे नॉर्मन प्रिचर्ड धावले होते, पण ते एकटे होते.

अँटवर्पच्या संघाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. लांब पल्ल्यासाठी फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी, कुस्तीसाठी रणधीर शिंदे आणि कुमार नवले, आणि शंभर व चारशे मीटरसाठी बंगालचे पूर्मा बॅनर्जी. मराठी मुलखाने त्या वर्षी लांब धावणारे दिले, मल्ल दिले. वेगवान शर्यतीसाठी माणूस मात्र बंगालमधून घ्यावा लागला. शिंदे कुस्तीत चौथे आले. चौगुले बेळगावचे, म्हणजे सीमाभागातलेच. २२ ऑगस्ट १९२० ची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला, चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे. आंतरराष्ट्रीय शर्यतीचा कसलाही अनुभव नसताना जगातल्या पहिल्या वीसांत येणे ही थोर कामगिरी होती. बेळगावबाहेर ती फारशी कोणाला माहीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

लांब पल्ल्यात मराठी माणूस लवकर पोहोचला आणि शंभर मीटरमध्ये उशिरा, याचे कारण शरीरात शोधू नये. लांब पल्ल्याची तयारी शेतात, डोंगरात, गावाच्या वाटेवर होऊ शकते. शंभर मीटरची होत नाही. त्यासाठी त्या काळी सपाट, मोजलेला, राख-विटांच्या भुकटीने दाबलेला ट्रॅक लागे. काट्यांचे बूट लागतात, सुरुवातीचे ठोकळे लागतात. ठोकळ्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनी १९३७ पासूनच मान्यता दिली. त्याआधी धावपटू खुरप्यासारख्या हत्याराने जमिनीत पाय रोवायला खड्डे खणत. सेकंदाचा दहावा भाग मोजणारे घड्याळ लागे, ते चालवायला सराव झालेले पंच लागत, आणि वारा मागून जोरात असेल तर विक्रम धरला जात नाही म्हणून वाऱ्याचाही हिशेब लागतो. मुख्य म्हणजे बरोबरीचे वेगवान प्रतिस्पर्धी रोज लागतात, कारण एकट्याने धावून शंभर मीटरचा वेग वाढत नाही. या साऱ्या गोष्टी मुंबईच्या कॉन्व्हेंट शाळांत, कॉलेजांत, रेल्वेच्या आणि क्लबांच्या मैदानांवर एकत्र आल्या. निजामाच्या राज्यातल्या जिल्ह्यांच्या गावी त्या नव्हत्या.

म्हणून मराठी मुलखातल्या स्प्रिंटचा खरा इतिहास मुंबईत, स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू होतो. ४ ते ११ मार्च १९५१ या दिवसांत दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अकरा देश आले होते. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी उद्घाटन केले. या स्पर्धेत मुंबईचे लेव्ही पिंटो यांनी १०० मीटरची शर्यत १०.८ सेकंदांत आणि २०० मीटरची २२.० सेकंदांत जिंकली, आणि चार बाय शंभर मीटरच्या रिलेत संघाला रौप्यपदक मिळवून दिले. १९२९ मध्ये जन्मलेले पिंटो तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, जिथे चौगुले मॅरेथॉन धावले, अमेरिकेच्या चार्ली पॅडॉकने १०० मीटरचे सुवर्ण १०.८ सेकंदांत जिंकले होते आणि अमेरिकेच्याच ॲलन वुड्रिंगने २०० मीटरचे सुवर्ण २२.० सेकंदांत. म्हणजे आशियाचा विजेता १९५१ मध्ये अमेरिकेच्या एकतीस वर्षांपूर्वीच्या वेळेवर पोहोचला होता. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला अमेरिकेच्या लिंडी रेमिजिनोने १०० मीटर १०.४ सेकंदांत आणि अँडी स्टॅनफिल्डने २०० मीटर २०.७ सेकंदांत जिंकली. हे अंतर पाहून पिंटो यांचे यश छोटे ठरत नाही. अमेरिकेत शाळेपासून विद्यापीठापर्यंत प्रशिक्षक, ट्रॅक आणि शिष्यवृत्त्या होत्या. पिंटो यांच्यामागे यांतले जवळजवळ काहीच नव्हते. तरीही हेलसिंकीला त्यांनी १०० आणि २०० या दोन्ही शर्यतींत उपांत्य फेरी गाठली.

दिल्लीच्या त्याच स्पर्धेत मुंबईच्या मुलीही धावल्या. रोशन मिस्त्री यांनी १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले आणि मेरी डिसोझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्य. महिलांच्या रिलेतही भारताला रौप्य मिळाले. डिसोझा या मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, १९३१ मध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत वांद्र्याला वाढलेल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्या आणि बंगालच्या नीलिमा घोष या भारताच्या पहिल्या महिला धावपटू म्हणून गेल्या. त्या प्रवासाचा खर्च सरकारने पूर्णपणे उचलला नव्हता. ओळखीच्या लोकांनी निधी जमवला तेव्हा कुठे जाणे झाले. हेलसिंकीला डिसोझा पहिल्या फेरीच्या पुढे गेल्या नाहीत. त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि त्यांनाही जाण्यासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले होते. देशाचे नाव घेऊन मैदानात उतरणाऱ्यांना आधी तिकिटाच्या पैशांसाठी दारोदार फिरावे लागले, हे त्या काळच्या क्रीडाव्यवस्थेचे मोठे अपयश होते.

१९५४ मध्ये मनिला इथे दुसऱ्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा या चौघींनी चार बाय शंभर मीटरची रिले जिंकली. रिलेत चौघींचा वेग असून भागत नाही. बॅटन देणारीने आणि घेणारीने ठरलेल्या पट्ट्यातच, पूर्ण वेगात असताना, मागे न बघता हात जुळवावा लागतो. इथे एक चुकली तर चौघी हरतात. असा सराव चौघींनी एकत्र, पुन्हा पुन्हा केल्याशिवाय जमत नाही, आणि त्या काळच्या तुटपुंज्या शिबिरांत त्यांनी तो केला. स्टेफी डिसोझा यांनी पुढे १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत २०० मीटरचे रौप्यपदक मिळवले. १९६३ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, महिलांची ४०० मीटर शर्यत पहिल्यांदाच ठेवली गेली तेव्हा, त्या तीत धावल्या. दोघी डिसोझा हॉकीही उत्तम खेळत आणि दोघींनीही भारतीय संघातून हॉकी खेळली.

या धावपटूंची कारकीर्द लहान होती आणि याची कारणे उघड आहेत. ऑलिंपिकचे नियम त्या वेळी हौशी खेळाडूंसाठीच होते, धावण्याबद्दल पैसे घेतले तर बंदी येई. जेसी ओवेन्ससारख्या अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ स्प्रिंटरलाही १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकनंतर हौशी दर्जा गमवावा लागला आणि पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या. भारतात यावर तोडगा नोकरीचा निघाला. रेल्वे, सैन्य आणि पोलीस खेळाडूंना कामावर घेत, सरावाला वेळ देत आणि राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या नावाने उतरवत. मेरी डिसोझाही रेल्वेच्या नोकरीत होत्या. जासुदाला राज्य पगार देत होते, तशीच रेल्वे स्प्रिंटरला देऊ लागली. पण तिशीच्या आसपास पाय मंदावले की राहायची ती फक्त नोकरी. १९५३ मध्ये राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची प्रशिक्षण योजना सुरू झाली, आर्थर हॉवर्ड यांच्यासारखे अमेरिकन प्रशिक्षक भारतात आले, १९६१ मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली. यांतल्या बहुतेक सोयी पिंटो आणि मेरी डिसोझा यांच्या उमेदीच्या वर्षांनंतरच्या आहेत.

दोघांच्याही आयुष्याचा उत्तरार्ध अमेरिकेत गेला. पिंटो शिकागोला स्थायिक झाले आणि २०२० मध्ये तिथेच वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. मेरी डिसोझा लग्नानंतर सिक्वेरा झाल्या आणि त्याही अमेरिकेत जाऊन राहिल्या. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये, मनिलाच्या सुवर्णानंतर एकोणसाठ वर्षांनी. सन्मान एवढा उशिरा मिळणे ही त्या खेळाडूवर अन्यायाचीच गोष्ट आहे.

बिदर-कलबुर्गीच्या बाजूला या काळात नकाशाच बदलला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. गुलबर्गा आणि बिदर म्हैसूर राज्यात गेले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि पुढे महाराष्ट्राचे झाले. एकाच जत्रेत कुस्ती खेळणारी, एकाच बाजाराला जाणारी मुले दोन राज्यांच्या संघांत विभागली गेली. औराद किंवा भालकीचा मराठी मुलगा कर्नाटकाच्या बनियनमध्ये धावू लागला आणि उदगीरचा महाराष्ट्राच्या. कर्नाटकाने पुढच्या काळात महिला स्प्रिंटमध्ये मोठी नावे दिली. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत चार बाय चारशे मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघातल्या वंदना राव आणि त्याच पिढीतल्या अश्विनी नाचप्पा ही त्यांतली ठळक उदाहरणे. त्यांचा सराव झाला तो बंगळुरूसारख्या शहरांतल्या मैदानांवर. मैदान, प्रशिक्षक आणि सोबतीला वेगवान प्रतिस्पर्धी जिथे मिळतात तिथेच शंभर-दोनशे मीटरचे धावपटू घडतात. १९५१ ची मुंबई आणि १९८० च्या दशकातले बंगळुरू या दोन्ही शहरांनी हेच दाखवले. सीमाभागातल्या तालुक्यांना ही सोय फार उशिरा आणि फार थोडी मिळाली.

पिंटो यांच्या विजयानंतर पुरुषांच्या २०० मीटरमध्ये भारताला आशियाई सुवर्ण पुन्हा मिळाले. १९५८ मध्ये मिल्खासिंगांनी ते आणले, १९७८ मध्ये रामस्वामी ज्ञानशेखरन यांनी. १०० मीटरमध्ये मात्र आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारे भारतीय पुरुष आजवर एकच आहेत, मार्च १९५१ मध्ये दिल्लीला धावलेले लेव्ही पिंटो.